पडद्यासमोर बसलेल्यांचे बोल : 'मुक्तिर कथा' या माहितीपटाचे प्रकरण

१९९६ ते १९९९ या काळात बांगलादेशातील काही तरुण-तरुणी एकच चित्रपट घेऊन गावोगाव हिंडत होते. चित्रपटाचे नाव 'मुक्तिर गान', म्हणजे मुक्तीचे गाणे. तो १९९५ साली पूर्ण झाला होता आणि १९७१चे मुक्तियुद्ध हा त्याचा विषय होता. गावात पडदा उभा करायचा, अंधार पडला की खेळ सुरू करायचा आणि संपला की पुढचे गाव गाठायचे, एवढाच मूळ बेत. मात्र खेळ संपल्यावर प्रेक्षक आपापल्या युद्धाविषयी बोलू लागत. कुणाचे घर जळाले होते, कुणाचा माणूस परत आला नव्हता, कुणी स्वतः बंदूक धरली होती. कित्येक ठिकाणी या बोलण्यातून आपोआप गाणी सुरू होत आणि सिनेमाच्या खेळाची लोकगीतांची बैठक होऊन जाई. या बोलण्यातून आणि गाण्यांतून १९९९ साली ८२ मिनिटांचा दुसरा माहितीपट उभा राहिला. त्याचे नाव 'मुक्तिर कथा'. दोन्हींचे दिग्दर्शक तारेक मसूद आणि कॅथरीन मसूद हे पतिपत्नी.

हे नाव मराठी वाचकाला चकवते. आपल्याकडे 'कथा' म्हणजे गोष्ट, रचलेले काही तरी. बंगालीत 'कथा' म्हणजे बोल, बोलणे, शब्द. 'कथा बला' म्हणजे बोलणे. तेव्हा 'मुक्तिर कथा' म्हणजे मुक्तीची गोष्ट नव्हे, तर मुक्तीविषयीचे बोल. पहिल्या चित्रपटात गाणे होते आणि दुसऱ्यात बोलणे आहे, हा फरक शीर्षकांतच नोंदलेला आहे. या प्रकरणाचा सगळा विचार त्या फरकाभोवती फिरतो: युद्धानंतर जगत राहिलेल्या सामान्य माणसांवरचा माहितीपट कोण घडवते, आणि तो घडवणाऱ्यांनी घेतलेला निर्णायक निर्णय कोणता? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. तो निर्णय चित्रीकरणाच्या वेळी किंवा संकलनाच्या टेबलावर झालेला नाही. खेळ संपल्यानंतर प्रेक्षक जे बोलत होते ते प्रतिसाद म्हणून ऐकून सोडून न देता, तीच पुढच्या चित्रपटाची सामग्री आहे हे ओळखणे आणि कॅमेरा घेऊन त्याच माणसांकडे परत जाणे, हा तो निर्णय होय.

पहिली रिळे

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात हत्याकांड सुरू केले आणि १६ डिसेंबरला त्या सैन्याने शरणागती पत्करली. मधल्या नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. मृतांचा अधिकृत आकडा ३० लाखांचा आहे, त्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्या वादात शिरण्याचे या लेखाला कारण नाही. निर्वासितांच्या छावण्यांतून आणि मुक्त झालेल्या सीमाभागांतून त्या काळी एक कलापथक ट्रकमधून फिरत असे. त्याचे नाव 'बांगलादेश मुक्ति संग्रामी शिल्पी संस्था'. महमूदुर रहमान बेणू यांच्या नेतृत्वाखालचे हे तरुण गायक-गायिका छावणीतल्या लोकांपुढे आणि मुक्तियोद्ध्यांच्या तळांवर गाणी म्हणत. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण ज्या घरांत अजून आहे, तेथे अशा पथकाचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लिअर लेविन हा जाहिरातपटांच्या क्षेत्रातला अमेरिकन दिग्दर्शक १९७१ साली तेथे पोचला आणि कॅमेरा घेऊन या पथकाबरोबर राहिला. १६ मि.मी.च्या रंगीत फिल्मवर त्याने सुमारे २० तासांचे चित्रण केले. त्यात लढाया जवळजवळ नाहीत. ट्रकच्या हौद्यात बसून गाणारी मुले-मुली, नदी, पावसाने भिजलेल्या छावण्या, तांदळासाठी उभे राहिलेले लोक, मुस्तफा मनोवर यांच्या बाहुल्यांच्या खेळावर हसणारी निर्वासित पोरे, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातून चित्रपट करायचा लेविनचा बेत होता, पण युद्ध डिसेंबरात संपले, जगाचे लक्ष दुसरीकडे गेले आणि त्या चित्रपटाला कोणी वाली उरला नाही. रिळे न्यूयॉर्कमधल्या घराच्या तळघरात जाऊन पडली आणि तेथे सुमारे दोन दशके राहिली. याच युद्धावर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी सुखदेव यांनी केलेला 'नाइन मन्थ्स टू फ्रीडम' हा माहितीपट १९७२ साली पूर्ण झाला होता. सरकारी संस्था पाठीशी असणे आणि नसणे यांत काय अंतर पडते, ते या दोन नशिबांवरून दिसते. असे असले तरी लेविनच्या रिळांचे तळघरात पडून राहणे हे एका अर्थी पुढे उपयोगीच पडले. ती १९७२ सालीच दाखवली गेली असती तर युद्धाची ताजी बातमी ठरली असती. १९९० नंतर ती स्मृती म्हणून बाहेर आली, आणि तोवर बांगलादेशात स्मृतीचीच टंचाई झालेली होती.

ती टंचाई कशी झाली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी देशाचे संस्थापक नेते शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. त्यानंतरच्या राजवटींत पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांवर खटले चालवण्याचा १९७२चा कायदा रद्द झाला आणि शाळेच्या पुस्तकांतला व सरकारी दूरचित्रवाणीवरचा १९७१चा इतिहास सोयीनुसार बदलत गेला. १९७१ नंतर जन्मलेली एक पिढी स्वतःच्या देशाचा जन्म अर्धवट ऐकत मोठी झाली. १९९२ साली लेखिका जहानारा इमाम यांच्या पुढाकाराने ढाक्यात 'गण आदालत', म्हणजे जनतेचे न्यायालय, भरले आणि दडपलेला विषय पुन्हा रस्त्यावर आला. 'मुक्तिर गान' या वातावरणात पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी, मार्च १९९६ मध्ये, ढाक्यात मुक्तियुद्ध संग्रहालय उघडले.

दोघे जण

तारेक मसूद यांचा जन्म १९५६ साली फरीदपूर जिल्ह्यातल्या भांगा परिसरातील नूरपूर गावी झाला. त्यांचे बालपण मदरशात गेले. १९७१च्या युद्धाने ते शिक्षण तुटले, मग ते सर्वसाधारण शाळेच्या वाटेने ढाका विद्यापीठात पोचले आणि इतिहास शिकले. म्हणजे युद्धाने ज्याच्या आयुष्याची दिशाच बदलली असा हा माणूस होता, आणि ती बदललेली दिशा त्याच्या दृष्टीने केवळ दुःखाची नव्हती. युद्धानंतरच्या जीवनाविषयी बोलताना आपण बहुधा फक्त हानीचा हिशेब मांडतो. मसूद यांच्या कामात मात्र तुटण्याबरोबर सुटण्याचाही अनुभव सतत जाणवतो, त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते. कॅथरीन मूळच्या शिकागोच्या. १९८६ साली अर्थशास्त्रातील संशोधनासाठी त्या बांगलादेशात आल्या, चित्रकार एस. एम. सुलतान यांच्यावरचा तारेक यांचा पहिला माहितीपट त्या काळात पूर्ण होत होता, आणि त्या कामात ओढल्या जाऊन त्या तेथेच राहिल्या. पुढच्या जवळजवळ सर्व चित्रपटांचे संकलन त्यांनी केले. 'तारेक मसूदचा चित्रपट' असे म्हणण्याची सवय बांगलादेशातही आहे आणि बाहेरही. दिग्दर्शनाच्या श्रेयनामावलीत दोन नावे असताना एकच नाव घेण्याची ही सवय माहितीपटाच्या बाबतीत विशेष अन्यायाची आहे, कारण २० तासांच्या चित्रणातून ७८ मिनिटे निवडणाऱ्याचा हात कॅमेरा धरणाऱ्याच्या हाताहून कमी महत्त्वाचा नसतो.

१९९० साली या दोघांची न्यूयॉर्कमध्ये लेविनशी गाठ पडली आणि त्याने रिळे त्यांच्या स्वाधीन केली. पुढे पाच वर्षे काम चालले. लेविनच्या चित्रणाला निरनिराळ्या देशांच्या संग्रहांतली दृश्ये जोडली गेली, पथकातले झियाउद्दीन तारिक अली यांना निवेदकाची भूमिका देऊन सगळे एका सूत्रात ओवले गेले. चष्मा लावणाऱ्या या तरुणाला दृष्टी अधू म्हणून लढाईत घेतले गेले नव्हते, म्हणून तो गाणाऱ्यांबरोबर निघाला. चित्रपट त्याच्या डोळ्यांनी आपल्याला हिंडवतो.

येथे एक अडचणीची गोष्ट आहे, ती टाळता येणार नाही. 'मुक्तिर गान'मधली काही दृश्ये १९७१ची नाहीत. ती दोन दशकांनंतर नव्याने चित्रित करून जुन्या चित्रणात बेमालूम मिसळलेली आहेत. निवेदकाचे शब्दही त्या वेळचे नव्हेत, मागाहून लिहिलेले आहेत. प्रेक्षकाला हा सांधा दिसत नाही आणि चित्रपटही तो दाखवत नाही. पुढे १९७१चे गुन्हे न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत पुराव्याचा विषय बनले, तेव्हा या मिश्रणाबद्दल अभ्यासकांनी प्रश्न विचारले, आणि ते योग्यच होते. बनावट शोधून काढायला टपलेल्या माणसाच्या हाती जुळवलेले एक दृश्य पडले तर तो शंभर अस्सल दृश्यांवर संशय घेऊ शकतो. दिग्दर्शकांची बाजू अशी मांडता येईल की त्यांना न्यायालयाचा दस्तऐवज करायचा नव्हता, विसरलेल्या पिढीला त्या ट्रकमध्ये बसवायचे होते. ही बाजू मला समजते, पण पटत नाही. निदान श्रेयनामावलीत एक ओळ टाकता आली असती. तरीही या दोषाकडे एका वेगळ्या कारणासाठी लक्ष वेधतो. ज्यांनी पहिल्या चित्रपटात गाळलेल्या जागा स्वतः भरल्या, त्यांनीच दुसऱ्या चित्रपटात त्या जागा भरण्याचे काम लोकांवर सोपवले.

खेळ संपल्यावर

'मुक्तिर गान' मध्यमवर्गाचा चित्रपट आहे, असे म्हटले तर त्यात निंदा नाही. कलापथकातली मुले-मुली सुशिक्षित घरांतली होती. लुबना मरियम आणि नायला खान या त्यांतल्या दोघी बहिणी युद्धातल्या एका सेक्टर कमांडरच्या, म्हणजे मुक्तियोद्ध्यांच्या एका विभागाच्या लष्करी प्रमुखाच्या, मुली होत्या, पुढे एक नामवंत नृत्यांगना झाली आणि दुसरी मुलांच्या विकासातील अडचणींवर काम करणारी डॉक्टर. अशी माणसे ज्या युद्धाची गाणी गात होती, ते युद्ध ज्यांच्या अंगणात झाले ती माणसे चित्रपटात बहुतांशी श्रोते म्हणून दिसतात. गाणाऱ्यांना नावे आहेत, ऐकणाऱ्यांना फक्त चेहरे. १९७१ साली पडद्यावरच्या छावणीत ऐकत बसलेले हे चेहरे २५ वर्षांनी पडद्यासमोर बसले, तेव्हा त्यांना तोंड फुटले, असे या प्रकरणाचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

तोंड का फुटले, याचा विचार करण्यासारखा आहे. मुलाखत घ्यायला आलेला माणूस आधी मागतो; सिनेमा घेऊन आलेला माणूस आधी देतो. गावकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेल्यांना ठाऊक असेल की फिरत्या सिनेमाच्या खेळाला गाव केवळ प्रेक्षक म्हणून जमत नाही, गाव म्हणून जमते. पडद्यावर बोलणे सुरू असते तसे खालीही सुरू असते. दुसरे असे की चित्रपटातली पुष्कळ गाणी लोकांच्या कानांना परकी नव्हती. युद्धाच्या काळात स्वाधीन बांगला बेतार केंद्राची, म्हणजे मुक्तियुद्धाच्या बाजूच्या नभोवाणी केंद्राची, गाणी लोकांनी रेडिओचा आवाज बारीक करून ऐकली होती. पकडले गेले तर जिवावर बेतेल अशा भीतीत ज्याने ते गाणे ऐकले, तो माणूस चौथाई शतकानंतर तेच गाणे मोठ्या आवाजात, चारचौघांत, उघड्यावर ऐकतो, तेव्हा त्याच्या आठवणीला वेगळे आवाहन करावे लागत नाही. आणि तिसरे म्हणजे गर्दीतले बोलणे आपोआप तपासले जाते. एकाने सांगितलेले साल, नदीचा काठ, मेलेल्याचे नाव शेजारी लगेच दुरुस्त करतो. खोलीत बसून एकट्याने दिलेल्या साक्षीला ही सोय नसते.

या बोलण्यातले शब्दही पाहावेत. सरकारी भाषेत १९७१ म्हणजे 'मुक्तियुद्ध' किंवा 'स्वाधीनता युद्ध'. खेड्यापाड्यांत मात्र अनेक जण त्या वर्षाला 'गंडगोलेर बोछोर', म्हणजे गडबडीचे, गोंधळाचे वर्ष म्हणत आले. काही जण 'संग्रामेर बोछोर' म्हणतात. शहरी देशभक्ताला 'गंडगोल' हा शब्द खटकतो, त्यात युद्धाचा अपमान वाटतो. पण ज्या बाईने त्या वर्षी तीन वेळा घर सोडले, पुरात पोर गमावले आणि कोणत्या बाजूचे सैनिक कधी येतील याचा अंदाज घेत भात रांधला, तिच्या अनुभवाला 'गंडगोल' हाच नेमका शब्द आहे. सामान्य माणसाच्या आठवणीत युद्ध तारखांनी येत नाही. ते भाताच्या भावाने येते, गाय विकल्याने येते, कुणाच्या लग्नाचे राहून गेल्याने येते. हे बोलणे ऐकून घ्यायचे म्हणजे स्वतःच्या शब्दांचा आग्रह सोडावा लागतो, आणि माहितीपट करणाऱ्याला ते सर्वांत जड जाते.

आणखी एक शब्द मराठी माणसाला परका नाही. १९७१ साली पाकिस्तानी सैन्याने उभ्या केलेल्या स्थानिक मदतनीस दलाचे नाव होते 'राजाकार'. मराठवाड्यात हा शब्द १९४८च्या आधीपासून घराघरांत आहे. हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांची आठवण सांगणारे म्हातारे-म्हाताऱ्या आताआतापर्यंत आपल्यात होत्या. दोन्ही दलांचा परस्परांशी संबंध नाही, नाव मात्र एकच, आणि दोन्हीकडे तो शब्द पुढे शिवी म्हणून उरला. मराठवाड्यातल्या त्या आठवणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते, ती बांगलादेशालाही लागू पडते. गावात परके सैन्य येते आणि जाते; ज्याने त्या सैन्याला घर दाखवले तो मात्र गावातच राहतो. त्याचे शेत तुमच्या शेताला लागून असते, त्याच्या दुकानातून मीठ आणावे लागते. युद्धानंतरचे जगणे म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत या शेजारासह जगणे. अशा गावात उघड्यावर बोलणे हे धाडसही असते आणि आधारही असतो, कारण सर्वांनी एकदम ऐकलेली गोष्ट नंतर एकट्याच्या माथी मारता येत नाही.

बायकांचे बोलणे या गर्दीत किती मावत असेल, याविषयी मला शंका आहे. युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांना शेख मुजीब यांच्या सरकारने 'बीरांगना' ही पदवी दिली. हेतू गौरवाचा होता, परिणाम उलटा झाला आणि गावात ती पदवी कलंकाची खूण होऊन बसली. पुरुष मुक्तियोद्ध्यांना मिळणारी अधिकृत मान्यता या स्त्रियांना मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. चौकात पडद्यासमोर उठून बोलण्याचा मार्ग त्यांना पुरुषांइतका मोकळा असणे शक्य नव्हते. २००० साली मसूद दांपत्याने 'नारीर कथा' हा सुमारे २५ मिनिटांचा स्वतंत्र माहितीपट केला. त्यात स्त्रिया केवळ अत्याचाराच्या बळी म्हणून येत नाहीत. लढणाऱ्या, इतरांना लपवणाऱ्या, पोसणाऱ्या, निभावून नेणाऱ्या म्हणून येतात. माझ्या मते हा लघुपट मोठ्या चित्रपटाच्या पद्धतीतली उणीव मान्य केल्यासारखा आहे.

पडद्यामागचे आणि पडद्यावरचे

या प्रकरणात पडद्यामागची माणसे आणि पडद्यावरची माणसे यांच्यातली भिंत सारखी कोसळताना दिसते. झियाउद्दीन तारिक अली हे याचे ठळक उदाहरण. १९७१ साली ते लेविनच्या कॅमेऱ्यासमोर होते, १९९५ साली निवेदक म्हणून चित्रपटाचा आवाज झाले, आणि १९९६ साली उघडलेल्या मुक्तियुद्ध संग्रहालयाच्या आठ संस्थापक विश्वस्तांपैकी एक होते. पेशाने ते अभियंते होते. त्या संग्रहालयाने पुढे फिरते प्रदर्शन गावोगावच्या शाळांत नेले आणि विद्यार्थ्यांना आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून १९७१च्या आठवणी लिहून आणायला सांगितले. हजारो मुलांनी त्या लिहून पाठवल्या. फिरत्या सिनेमाने जे केले त्याचेच हे शालेय रूप म्हणता येईल. तारिक अली २०२० साली वारले. पथकातले लोकगायक बिपुल भट्टाचार्य त्याआधी, २०१३ साली, कर्करोगाने गेले. कलापथकातल्या इतरांची आयुष्येही अशीच पांगली. कुणी लंडनला गेले, शाहीन समाद नझरुलगीतांच्या, म्हणजे कवी नझरुल इस्लाम यांच्या गीतांच्या, गायिका म्हणून राहिल्या. युद्धानंतरच्या सामान्य जीवनाचा माहितीपट करायचा तर या गाणाऱ्यांवरही करता आला असता.

दुसरे नाव आशफाक मुनीर यांचे. लोक त्यांना मिशुक मुनीर म्हणत. तारेक मसूद यांच्या सुलतानवरच्या माहितीपटाचे चित्रण त्यांनी केले होते आणि शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट 'रानवे' (२०१०) यातही कॅमेरा त्यांचाच होता. मधल्या काळात त्यांनी ढाका विद्यापीठात पत्रकारिता शिकवली आणि बांगलादेशातल्या खासगी दूरचित्रवाणीच्या पहिल्या वृत्तविभागांची घडी बसवली. त्यांचे वडील मुनीर चौधुरी हे नाटककार आणि ढाका विद्यापीठातले प्राध्यापक. १४ डिसेंबर १९७१ रोजी, शरणागतीला दोन दिवस उरले असताना, त्यांना घरातून नेण्यात आले. त्या दिवशी नेलेल्या कित्येक बुद्धिवंतांप्रमाणे तेही परतले नाहीत. मिशुक तेव्हा शाळकरी वयाचे होते. बुद्धिवंतांच्या हत्येप्रकरणी विशेष न्यायाधिकरणाने दोघांना दोषी ठरवले ते २०१३ साली, तेही त्यांच्या गैरहजेरीत. तोवर मिशुक हयात नव्हते. कॅमेऱ्यामागचा माणूस तटस्थ असतो, हे आपण सहज बोलून जातो. मिशुक यांच्यासारख्याच्या बाबतीत हे म्हणणे किती पोकळ आहे, ते वेगळे सांगायला नको. पण म्हणून त्यांचे चित्रण रडवे किंवा सुडाचे झाले नाही, हेही तितकेच खरे.

या सगळ्या परंपरेत एक रिकामी जागा मात्र आहे. बांगलादेशातल्या उर्दूभाषक समाजाने, ज्याला 'बिहारी' म्हटले जाते, १९७१च्या आधी, युद्धात आणि युद्धानंतरही हिंसा सोसली. त्यांतले काही पाकिस्तानी सैन्याचे साथीदार होते आणि पुष्कळसे नव्हते. ढाक्याच्या मोहम्मदपूर भागातल्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत ही माणसे दशकानुदशके देशाविना राहिली. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या निकालाने २००८ साली मार्गी लागला. मुक्तियुद्धावरच्या चित्रपटांनी त्यांना फार थोडी जागा दिली आहे. फिरत्या पडद्यासमोर जो येतो तोच बोलतो, ही 'मुक्तिर कथा'च्या पद्धतीची ताकद आहे आणि मर्यादाही. ज्याला ते गाणे आपले वाटत नाही, तो त्या पडद्यासमोर येऊन बसणारच नाही. १९९६ साली शेख मुजीब यांचा पक्ष अवामी लीग २१ वर्षांनी सत्तेवर आला होता आणि मुक्तियुद्धाविषयी बोलायला वारा अनुकूल होता, हेही विसरता कामा नये. पाच वर्षे आधी हाच पडदा तितक्याच सहजपणे उभा राहिला असता असे नाही.

फेरीवाला

तारेक मसूद यांना लोक 'सिनेमार फेरिवाला' म्हणू लागले. शब्द आपलाच आहे: डोक्यावर माल घेऊन दारोदार हिंडणारा. २००२ साली मदरशातल्या बालपणावरच्या 'माटिर मोयना' या कथापटाने कान महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळवला, तरी मायदेशी सेन्सॉर मंडळाने त्याला आधी परवानगीच नाकारली, आणि ती अपिलानंतर मिळाली. एवढी कीर्ती झाल्यावरही २०१०चा 'रानवे' घेऊन मसूद पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडले, ढाक्यातल्या चित्रपटगृहांची वाट न पाहता. यामागे केवळ वितरणाची अडचण होती असे मला वाटत नाही. खेळ संपल्यावर लोक काय बोलतात, हे ऐकल्याशिवाय चित्रपट पूर्ण झाला असे मानायचे नाही, ही सवय त्यांना 'मुक्तिर गान'च्या दौऱ्यांनी लावली होती.

पुढचा चित्रपट 'कागजेर फुल' १९४७च्या फाळणीवर होणार होता. त्यासाठी जागा पाहून परतताना १३ ऑगस्ट २०११ रोजी मानिकगंज जिल्ह्यात ढाका-आरिचा महामार्गावर त्यांची मायक्रोबस समोरून आलेल्या बसवर आदळली. तारेक मसूद आणि मिशुक मुनीर जागच्या जागी गेले. कॅथरीन, चित्रकार ढाली अल मामून आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार दिलारा बेगम जॉली, जखमी झाल्या-झाले तरी वाचले. नुकसानभरपाईचा दावा कॅथरीन यांनी चालवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे ४ कोटी ६१ लाख टका देण्याचा आदेश दिला. रस्त्यावरच्या मृत्यूला किंमत असते, हे त्या देशात न्यायालयातून असे सांगितले जाणे नवे होते. अपघातात मेलेले एकूण पाच जण. दोघांची नावे जगभर छापली गेली. उरलेले तिघे म्हणजे गाडीचा चालक आणि निर्मितीचे काम पाहणारे दोन सहकारी. पडदा बांधणाऱ्या, सामान उचलणाऱ्या आणि रात्री गाडी हाकणाऱ्या माणसांच्या वर्गातले. चेंदामेंदा झालेली ती मायक्रोबस ढाली अल मामून यांनी स्मारकशिल्प म्हणून मांडली आणि ती ढाका विद्यापीठाच्या आवारात, येत्या-जात्या विद्यार्थ्यांच्या वाटेवर, उघड्यावर ठेवलेली आहे.